सात महिन्यांतून एक महिना

संपादकांनी सुचवलं, "कारखान्यातले थरारक अनुभव लिहा." रसायनांचा कारखाना म्हटला की लोकांना गळती, भोंगा, पळापळ आठवते. माझ्याकडे तसलं काही नाही. बोईसरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात मी बावीस वर्षं आहे. कोण कधी आला, कोण कधी गेला, कोणाची पाळी कोणती आणि सुट्टी कोणत्या वारी, एवढंच आमचं खातं बघतं. आमच्याकडे तयार होणारा माल म्हणजे तक्ता. माझ्या हातून झालेली सर्वांत मोठी चूक अशाच एका तक्त्यात मावते. तिच्यात कोणाला साधं खरचटलंही नाही. तरी ती आठवली की मी जेवता जेवता उठतो, कागद काढतो आणि पुन्हा एकदा वार मोजून बघतो. बायको म्हणते, "अहो, वार सातच आहेत. कालही सातच होते."

आधी काम समजावून सांगतो. आमचा रिअ‍ॅक्टर बंद होत नाही, रविवारी नाही आणि दिवाळीतही नाही. प्रत्येक पाळीत सहा जागा असतात आणि सहाही जागांवर माणूस उभा हवा. माणसाला आठवड्यातून एक दिवस सुट्टी द्यायची. म्हणून सहा जागांसाठी सात माणसांची तुकडी करतात. रोज एक घरी, सहा जागेवर. सात माणसं, सात वार, प्रत्येकाचा एक वार ठरलेला. हे इतकं नेमकं बसतं की पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला आनंद झाला होता.

भांडण एकाच गोष्टीवरून व्हायचं. रविवार कोणाला? माझ्या आधीचे हेडक्लार्क रविवार मर्जीतल्या माणसाला द्यायचे आणि मंगळवार भांडणाऱ्याला. मी टेबल हातात घेतल्यावर हे मोडलं. दर महिन्याच्या एक तारखेला सगळ्यांची सुट्टी एक वार पुढे सरकवायची. सोमवारवाला मंगळवारवर, मंगळवारवाला बुधवारवर, रविवारवाला सोमवारवर. सात महिन्यांत प्रत्येकाच्या वाट्याला प्रत्येक वार एक-एक महिना येतो. ना कोणी लाडका, ना कोणी दोडका.

हे मला सुचलं ते एमएस्सीत शिकलेल्या ग्रुप थिअरीमुळे. पालघरच्या कॉलेजात प्राध्यापक व्हायचं होतं. दोन वर्षं तासिका तत्त्वावर शिकवलं, मग घर चालवायचं म्हणून इथे आलो. ग्रुप थिअरी हे गणित हालचालींचं आहे. काही मोजक्या हालचाली घ्या. एकीमागून दुसरी केली तर होणारा बदल त्याच यादीत सापडला पाहिजे. "काहीच न करणं" हीदेखील एक हालचाल धरायची. आणि केलेली प्रत्येक हालचाल उलटी फिरवता आली पाहिजे. एवढं जमलं की तो ग्रुप, आणि यादी संपणारी असेल तर सांत ग्रुप. सात वार पुढेमागे सरकवणं हा त्यातला अगदी साधा नमुना. सात ही मूळ संख्या आहे, तिचे समान तुकडे पडत नाहीत. म्हणून एकेक वार सरका, दोन-दोन सरका, नाहीतर पाच-पाच, सातही वारांवरून गेल्याशिवाय तुम्ही मूळ जागी परत येत नाही. आठवडा आठ दिवसांचा असता तर दोन-दोन सरकणारा चारच वारांवर फिरत राहिला असता, उरलेले चार त्याला कधी दिसलेच नसते. वर्गात हे फळ्यावर लिहायचो तेव्हा मागच्या बाकावर जांभया यायच्या. कारखान्यात भिंतीवर लावलं तेव्हा पन्नास माणसं पायांच्या बोटांवर उभी राहून वाचत होती.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. उत्तर प्रदेशचा एक वेल्डर महिन्यातून एकदा खिडकीशी यायचा.

"बड़े बाबू, मेरा इतवार कब आएगा?"

"नवंबर में."

"फिर उसके बाद?"

"जून में."

तो तक्त्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "आपका चक्कर तो शनि महाराज से भी धीमा है."

तक्त्याला खरा धोका अदलाबदलीचा. सुरुवातीला मी अदलाबदलीला परवानगी द्यायचो. दोघांनी चिठ्ठीवर सही करायची, झालं. एकदा एकाच दिवशी दोन चिठ्ठ्या आल्या. एकीत होतं, सोमवारवाल्याने आणि मंगळवारवाल्याने अदलाबदल करावी. दुसरीत, मंगळवारवाल्याने आणि बुधवारवाल्याने. प्लँटमधल्या फळ्यावर पहिली चिठ्ठी आधी उतरली, गेटवरच्या फळ्यावर दुसरी. चिठ्ठ्या त्याच, पण क्रम उलटा झाला, आणि दोन फळ्यांवर दोन वेगळे तक्ते तयार झाले. बुधवारी प्लँटच्या फळ्याप्रमाणे एक माणूस घरी राहिला आणि गेटच्या फळ्याप्रमाणे दुसरा. रिअ‍ॅक्टरपाशी जागा रिकामी. पाळीच्या इन्चार्जने आठ तास स्वतः उभं राहून तापमान बघितलं आणि पाळी सुटल्यावर माझ्या टेबलाशी येऊन पाण्याचे दोन ग्लास रिकामे केले. शर्ट आधी घालून स्वेटर नंतर घातला तर ठीक, उलट केलं तर लोक हसतात. क्रम बदलला की निकाल बदलतो हे मी स्वतः पोरांना शिकवलं होतं. शिकवणं वेगळं. त्या दिवशी मी सूचना लावली: यापुढे सुट्टीची अदलाबदल बंद, कोणालाही, कोणत्याही कारणासाठी. खाली माझी सही. ती सूचना पुढे माझ्याच आड येणार होती.

माझ्या तक्त्याने भांडणं थांबली म्हणून मॅनेजरसाहेब खूश झाले. म्हणाले, "हाच पॅकिंगला लावा." पॅकिंगमध्ये बायका असतात. ड्रम भरणं, तोलणं, लेबलं लावणं. तिथेही टेबलं सहा आणि तुकडी सातची. मी तोच तक्ता उचलला, नावं बदलली आणि चिकटवला. अर्ध्या तासाचं काम. इतक्या लवकर झालं याचंच तेव्हा कौतुक वाटलं.

गेल्या वर्षीच्या जूनमध्ये देवराम खिडकीशी आला. देवराम प्लँटमध्ये हेल्पर आहे आणि त्याची बायको सविता पॅकिंगमध्ये. दोघं विक्रमगडच्या वरच्या अंगाच्या एका पाड्यावरची, राहायला बोईसरजवळच्या सरावली गावात, एका खोलीत. मुलगी मनीषा अकरा वर्षांची. तिला नुकतीच जव्हारकडच्या आश्रमशाळेत सोडून आला होता. तिथे आठवड्यातल्या कुठल्याही दिवशी दुपारी पालकांना भेटू देतात. पण जाऊन-येऊन अख्खा दिवस जातो.

"साहेब, एक इचारू? माझी मंगळवारी सुट्टी, तिची बुधवारी. दोगांची एके दिवशी कदी येल?"

मी मान वर न करता बोललो. हे मला नक्की आठवतं, कारण त्या वेळी मी ओव्हरटाइमचे तास जुळवत होतो. म्हटलं, "येईल की. चक्र फिरतंय. सात महिन्यांत सगळे वार सगळ्यांना येतात. फार तर डिसेंबरपर्यंत थांबावं लागेल."

"नक्की ना? पोरीला सांगाया पायजे."

"गणित आहे देवराम. गणित चुकत नाही."

तो गेला. त्याने पोरीला सांगितलं.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात जेवणाच्या सुट्टीत तो परत आला, या वेळी सविताला घेऊन. दोघांची त्या दिवशी पहिली पाळी होती. ती दाराशीच थांबली.

"सात महिने झाले साहेब."

"मग? मिळाली असेल ना एखाद्या महिन्यात?"

"नाय मिळाली."

मला वाटलं त्याचं लक्ष चुकलं असेल. मी दोन्ही तक्ते काढले, शेजारी शेजारी ठेवले आणि त्याला मोठ्याने वाचून दाखवायला लागलो. "जून, तू मंगळवार, ती बुधवार. जुलै, तू बुधवार, ती गुरुवार. ऑगस्ट, तू गुरुवार, ती शुक्रवार. सप्टेंबर, तू शुक्रवार, ती शनिवार." ऑक्टोबरपाशी माझा आवाज उतरला. नोव्हेंबर आणि डिसेंबर मी मनातच वाचले. जानेवारीत तो परत मंगळवारवर आला होता आणि ती परत बुधवारवर.

देवराम तक्त्याकडे बघत नव्हता. माझ्याकडे बघत होता. म्हणाला, "बैलगाडीची दोन चाकं हायत साहेब. दोनीबी फिरत्यात. गाडी जव्हारला पोचली तरी चाकं एकमेकाला भेटत नाय."

एका वाक्यात त्याने सांगितलं. दोघंही एकाच दिशेने, एकाच मापाने सरकत असतील तर दोघांमधलं अंतर कधीच बदलत नाही. पहिल्या दिवशी एक वाराचं अंतर असलं तर सात महिन्यांनीही एकच, सत्तर महिन्यांनीही एकच. हे सिद्ध करायला एमएस्सी लागत नाही. आणि मी त्याला छातीठोकपणे सांगितलं होतं की गणित चुकत नाही. गणित चुकलंच नव्हतं. मी ते केलंच नव्हतं.

"रजा नाही घेतलीत एखादा दिवस?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

सविता दारातूनच बोलली. "कंत्राटावर हाव आमी. रजा हायत किती? लावनीला चार दिस, कापनीला चार. त्याबी एकीनं जायाचं, एकानं ऱ्हायाचं. दोगं गेलो तर भाडं कोन भरंल?" मग म्हणाली, "दिवाळीतबी पोर आजीकडं हुती. हितं खोलीवर तिला येकटी कोन ठेवंल? एक आठवडा हे गेले, एक आठवडा मी. ती काय बोलली म्हाईत हाय का? बोलली, आये, तुमी दोगं येगळं झालात ना? मला सांग, मी रडनार नाय."

देवरामने तिला कोपराने थांबवलं. ती थांबली नाही. "तिच्या वर्गात दोन पोरींचे आई-बाप येगळे झालेत. त्येबी असेच येतात, एक-एक. तिला वाटलं आपलंबी तसंच. आमी बोललो, साहेब बोललेत, डिसेंबरात दोगं येतो. डिसेंबर गेला. आता ती कायच इचारत नाय."

ते गेल्यावर मी डबा उघडला नाही. कारखान्यात नवरा-बायको दोघंही कामाला असलेली जोडपी किती, ते आधी काढलं. सात निघाली. सात वारांशी याचा काही संबंध नाही, योगायोग. सातांपैकी सहा जोडप्यांच्या सुट्ट्यांमध्ये काही ना काही अंतर होतं, म्हणजे ती सहाही जोडपी माझ्या तक्त्याखाली कधीच एकत्र घरी नसणार होती. पॅकिंगला तक्ता लागल्यापासूनची तीन वर्षं नव्हतीच. कोणी बोललं नव्हतं, कारण तक्ता भिंतीवर लावलेला होता आणि भिंतीवरचं लोकांना पावसासारखं वाटतं. आणि सातव्या जोडप्याचं अंतर शून्य होतं. त्यांची सुट्टी दर आठवड्याला, दर महिन्याला, कायम एकत्र.

ते सातवं जोडपं म्हणजे प्रदीप आणि निर्मला. दोघं शिरगावची. मीही मूळचा शिरगावचा, निर्मला आमच्याच आळीतली. आता मला कळलं की गेली तीन वर्षं कँटीनमध्ये माझ्याबद्दल काय बोललं जात असेल. देवाशपथ सांगतो, ते नशिबाने तसं पडलं होतं. सातात एक. पण "नशीब" हा शब्द टाइम ऑफिसच्या माणसाच्या तोंडी कोणाला पटणार?

उपाय गणितातच होता, आणि सोपा होता. एका बाजूला एक-एक वार सरकू द्यायचं आणि दुसऱ्या बाजूला दोन-दोन. मग अंतर दर महिन्याला एकाने बदलतं, आणि सात मूळ संख्या असल्यामुळे ते सातही किमतींमधून जातं. प्रत्येक जोडप्याला सात महिन्यांत एक महिना एकत्र सुट्टी. कोणीही सुटत नाही.

मी बेरीज केली. जुन्या तक्त्यात एका जोडप्याला सातही महिने आणि सहा जोडप्यांना शून्य. बेरीज सात. नव्या तक्त्यात सात जोडप्यांना एकेक. बेरीज सात. तक्ता कितीही हुशारीने केला तरी एकत्र सुट्ट्या वाढल्या नव्हत्या. निर्मलाकडून सहा महिने घेऊन सहा घरांत वाटायचे, एवढंच मी करणार होतो.

आणखी एक निवड होती, ती मी कोणाला सांगितली नाही. दुप्पट पाऊल बायकांच्या तक्त्यात टाकायचं की पुरुषांच्या? बायकांचा तक्ता लहान, तो बदलणं सोपं. पण तसं केलं असतं तर सविता देवरामच्या पुढे पळत राहिली असती आणि पूर्ण वळसा घालून जुलैत त्याला गाठली असती. पुरुषांचं पाऊल दुप्पट केलं तर देवराम तिला पुढच्याच महिन्यात गाठणार होता. फेब्रुवारीत दोघांना गुरुवार. मी पुरुषांचा तक्ता बदलला. त्यामुळे महिना बदलताना कित्येकांना सातऐवजी सलग आठ दिवस काम पडायला लागलं, आणि फेब्रुवारीत एकत्र येऊ शकलं असतं असं दुसरं एक जोडपं जुलैवर गेलं. देवरामचं मी देणं लागत होतो, त्यांचं नव्हतो. याला न्याय म्हणतात की नाही, मला अजून ठरवता आलेलं नाही. त्या जोडप्याला मी हे सांगितलेलं नाही. हा अंक हातात पडला तर कळेल.

नव्या तक्त्याची सूचना लागली त्याच दिवशी निर्मला आली. ती मला दादा म्हणते.

"दादा, आमी काय वाकडं केलं?"

"तू काही नाही केलंस. सगळ्यांना सारखं व्हावं म्हणून."

"सगळ्यांना मिळालं न् आमचं गेलं, याला सारखं म्हनायचं?" ती खुर्चीत बसली नाही. "बाबांचं तुला म्हाईत हाय. दोन वर्षं झाली आंथरुणात. आई थकली, तिच्यानं वाटी उचलत नाय. आठवड्यातून एकदा आमी दोगं शिरगावला जातो, तवा त्यांना धड आंघोळ होते. ह्यांनी खांद्याला धरायचं, मी पायाला. एकट्यानं होत नाय ते. इतर दिवशी ओल्या फडक्यानं पुसायचं. हे तुज्या कागदात कुठं बसवलंस?"

बसवलं नव्हतं. मला माहीतही नव्हतं. आळीतला माणूस दोन वर्षं अंथरुणावर आहे एवढं ऐकून होतो. अंघोळ कशी घालतात हे कोण विचारतं?

मी तिला समजावायला गेलो की एकट्या प्रदीपला जुन्या पावलाने चालू दिलं तर तो दुसऱ्याच्या वारावर आदळेल, एका दिवशी दोघं घरी आणि जागा रिकामी. हे खरं आहे. ती म्हणाली, "मग कोनाशी अदलाबदल करून दे." मी भिंतीकडे बघितलं. तिनेही बघितलं. अदलाबदल बंद, कोणालाही, कोणत्याही कारणासाठी, खाली सही.

"तूच लावलेली ना?" ती म्हणाली आणि गेली.

मी ती सूचना काढू शकलो असतो. एका माणसासाठी काढली असती तर तो माणूस माझ्या आळीतला निघाला असता. मी काढली नाही. नियमासाठी काढली नाही की लोक काय म्हणतील म्हणून, हे प्रामाणिकपणे लिहायचं तर यातलं दुसरं कारण मोठं होतं.

फेब्रुवारीच्या पहिल्या गुरुवारी देवराम आणि सविता जव्हारला गेली. शुक्रवारी आमचं ऑफिस बंद असतं. तो दिवस मी घरात नुसत्या येरझाऱ्या घातल्या. बायकोने दोनदा विचारलं, काही हरवलंय का. एसटी चुकली असेल, शाळेने भेटू दिलं नसेल, पोर आजारी असेल, काय काय डोक्यात येत होतं. शनिवारी पहिल्या पाळीला मी गेटवरच उभा राहिलो. असा मी कधी उभा राहत नाही. वॉचमनने घड्याळ बघितलं.

देवराम पंच करून आला. मी विचारलं, "भेटली?"

"भेटली."

"काय म्हणाली?"

"काय नाय बोलली. आमाला बघून पळत आली न् मधीच थांबली. लांबून बघत ऱ्हायली, पयलं हिच्याकडं, मंग माज्याकडं. मंग आत पळाली. आमाला वाटलं रुसली. तं एका पोरीचा हात धरून तिला घेऊन आली. आमच्यासमोर उभी केली न् तिला बोलली, 'बघ.'"

"आणि?"

"बस. तेवढंच. 'बघ' बोलली." त्याने टोपी घातली. "मंग जेवली आमच्या मधी बसून. दोन भाकऱ्या खाल्ल्या."

त्या फेब्रुवारीत गुरुवार चारच आले. ते चारही गुरुवार ती दोघं गेली. मार्चपासून पुन्हा एक-एक. पण आता मनीषाकडे पुढच्या सात महिन्यांचे वार लिहिलेला कागद आहे. मी स्वतः लिहून दिला, तीनदा तपासून. त्यात सप्टेंबरच्या गुरुवारांभोवती तिने पेनाने गोल केलेत, असं देवराम सांगतो.

निर्मला माझ्याशी बोलायची बंद झाली होती. मी तिच्या वडिलांचा विचार डोक्यातून काढू शकत नव्हतो. मग एकदा जे तिच्यासाठी केलं नव्हतं ते केलं. तिचा तक्ता माझ्या स्वतःच्या सुट्टीशेजारी ठेवला. माझा शुक्रवार कायमचा, तो सरकत नाही. ती एक-एक वार सरकते. उभ्या असलेल्याला चालणारा सात पावलांत एकदा भेटतोच. मे महिना. आणि मे महिन्यात शुक्रवार पाच होते.

मी तिला गेटवर गाठलं. म्हटलं, "मे महिन्यात शुक्रवारी मी येतो शिरगावला. खांद्याला मी धरीन."

ती म्हणाली, "तुला जमंल? पाठ धरंल."

"जमेल."

पहिल्या शुक्रवारी जमलं नाही. काकांना मी लहानपणापासून ओळखतो. वाडीत नारळावर चढणारा धिप्पाड माणूस. आता अंगात हाडंच उरलीत, तरी ओलं अंग हातातून निसटतं. निर्मला ओरडली, "दादा, काखंत हात घाल, काखंत! तक्ता न्हाय तो!" काका हसले. मग जमलं. दुसऱ्या शुक्रवारी त्यांनी साबण मागितला आणि स्वतः छातीला लावला. तिसऱ्या शुक्रवारी मी गेलो तेव्हा ते आधीच उशी काढून तयार होते. मला "शुक्रवारवाला" म्हणायला लागले होते.

पाचव्या शुक्रवारी अंग पुसताना त्यांनी विचारलं, "पुढल्या शुक्रवारी येशील ना?"

मी म्हटलं, "काका, पुढच्या महिन्यात निर्मलाची सुट्टी शनिवारी. माझी शुक्रवारीच. आता आपली गाठ डिसेंबरात."

"म्हंजे किती?"

"सात महिन्यांनी."

निर्मला पंचा पिळत होती. काका म्हणाले, "तुज्या कागदावर डिसेंबर हाय. माज्या कागदावर हाय का बघ."

गणितात ज्याला सांत म्हणतात ते सगळं फिरून मूळ जागी येतं. तिथे कोणी दमत नाही.

हे लिहितोय तेव्हा ऑगस्ट चालू आहे. तक्त्याप्रमाणे या महिन्यात प्रदीप आणि निर्मला सोमवारी एकत्र आहेत, सात महिन्यांनंतर. पुढच्या महिन्यात गुरुवारी देवराम आणि सविता. अदलाबदलीची सूचना मी जुलैच्या एक तारखेला भिंतीवरून काढली. तिच्याजागी दुसरी लावली: चिठ्ठी माझ्याकडे द्यावी, मी स्वतः क्रम लावून दोन्ही फळ्यांवर उतरवीन. काम वाढलंय. रोज गेटवर जाऊन फळा बघतो, मग प्लँटमध्ये जाऊन फळा बघतो. आधीच केलं असतं तर काय बिघडलं असतं, हा प्रश्न मी दोन फळ्यांच्या मधल्या रस्त्यावर रोज चालत नेतो.

परवा मंगळवारी निर्मला खिडकीशी आली. म्हणाली, "काल दोगांनी मिळून न्हाऊ घातलं. दोन बादल्या पाणी घेतलं त्यांनी." मग एक चिठ्ठी पुढे सरकवली. सप्टेंबरातल्या एका शुक्रवारची अदलाबदल, तिच्याच तुकडीतल्या बाईशी, दोघींच्या सह्या.

"शुक्रवार कशाला?" मी विचारलं.

"बाबा डिसेंबरपर्यंत थांबत नाय म्हनतात," ती म्हणाली. "सही कर."